निकाल शेवटून वाचावा

गाझियाबादच्या तुरुंगातल्या एका कच्च्या कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी जामीन दिला. खालच्या न्यायालयाने २७ मे रोजी सुटकेचा आदेश काढला. माणूस बाहेर आला तो २४ जूनच्या संध्याकाळी. उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्याचे कलम ५ आदेशात होते, पण त्यापुढचे पोटकलम (१) लिहायचे राहून गेले होते, एवढेच निमित्त. आत कोण आहे आणि कोणत्या गुन्ह्यात आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला पाच लाख रुपये तात्पुरती भरपाई द्यायला लावली आणि जिल्हा न्यायाधीशांकडे चौकशी सोपवली.

जामिनाबद्दलची आपल्याकडची चर्चा मात्र बहुतेक वेळा २९ एप्रिललाच संपते. 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य आता इतक्या निकालांत आले आहे की ते पाठ नसलेला वकील सापडायचा नाही. या माणसाचे अठ्ठावीस दिवस गेले ते तत्त्वाच्या अभावी गेले नाहीत. आदेश तुरुंगाच्या दारात पोहोचल्यावर तिथे बसलेल्या माणसाने काय करायचे, किती वेळात करायचे आणि नाही केले तर काय होईल, हे तिन्ही मोघम होते म्हणून ते गेले.

गेल्या काही वर्षांतले निकाल या नजरेने वाचले तर त्यांची प्रतवारी बदलते. ज्यांचे मथळे मोठे झाले त्यातले काही शेवटच्या पानावर पोकळ निघतात. ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातल्या काहींनी गावपातळीवरचा व्यवहार बदलला. दिवाणी असो, फौजदारी असो की घटनात्मक, निकाल शेवटून वाचावा. 'आदेश' या शीर्षकाखाली जे क्रमांक टाकून लिहिलेले असते तिथे नेमका अधिकारी, मुदत, पुरावा आणि परिणाम सापडला तर मग मागची दीडशे पाने वाचायला हरकत नाही.

सर्वांत बोलका दाखला अटकेचा आहे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका. पोलिसांनी कारणांची तपासणी-यादी भरावी, अटक गरजेची नसेल तर दोन आठवड्यांत हजर राहण्याची नोटीस द्यावी, न्यायदंडाधिकाऱ्यांनी यादी वाचून स्वतःचे समाधान नोंदवावे. चुकल्यास खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान. कागदावर सगळे होते. प्रत्यक्षात तपासणी-यादी छापील झाली. 'पुराव्यात ढवळाढवळ करू नये म्हणून', 'योग्य तपासासाठी' अशा ठरीव वाक्यांपुढे टिकमार्क होऊ लागली. खातेनिहाय कारवाई करायची कुणी? त्याच खात्याने. अवमान याचिका करायची कुणी? नुकताच जामिनावर सुटलेल्या माणसाने, उच्च न्यायालयात, वकिलाची फी भरून, एका वर्षाच्या आत. एवढे करून कायद्यातली कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि समाधानकारक माफी मागितली की तीही टळते. २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात तेच निर्देश पुन्हा द्यावे लागले, ते यामुळेच.

आता दुसरी ओळ पाहा. ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालात ठरले की अंमलबजावणी संचालनालयाने अटकेचा आधार आरोपीला लेखी द्यायचा. १५ मे २०२४ रोजी तोच नियम यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याला लागू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की अटकेचा आधार सांगायला लावणारा घटनेचा अनुच्छेद २२(१) पाळला नसेल तर अटकच बेकायदा ठरते. वरळीतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून निघालेल्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला. आधार लेखी हवा आणि आरोपीला कळेल त्या भाषेत हवा. अटकेच्या क्षणी लेखी देणे अशक्य असेल तर तोंडी सांगावा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे.

अर्नेश कुमार आणि या ओळीतला फरक तत्त्वाचा फारसा नाही. चुकल्याचा परिणाम कुठे आणि कधी होतो, यात तो आहे. आधी परिणाम व्हायचा तर महिन्यांनी, वेगळ्या न्यायालयात, वेगळ्या अर्जावर. आता तो रिमांडच्या वेळी, त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, चोवीस तासांच्या आत होतो. कागद दिला नसेल तर अटक बेकायदा, रिमांड बेकायदा. तपास अधिकाऱ्याला ज्याची भीती वाटते ती गोष्ट नेमकी हीच आहे. चौकशी समितीपेक्षा त्याला आरोपी हातचा सुटण्याची धास्ती जास्त असते.

इथे तपशिलात एक खाच आहे आणि व्यवहारात सगळ्या चुका तिथेच होतात. अटकेची 'कारणे' आणि अटकेचा 'आधार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोपी पळून जाऊ नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये ही कारणे झाली. ती कुठल्याही आरोपीला लागू पडतात, म्हणूनच छापता येतात. आधार म्हणजे या माणसाने, अमुक तारखेला, अमुक कृत्य केल्याचे कोणत्या माहितीवरून वाटते, ते. तो प्रत्येकाचा वेगळाच असणार. बचाव पक्षाच्या वकिलाने अटक फॉर्म हाती घेताना नाव झाकून वाचून पाहावा. तो कागद दुसऱ्या कुठल्याही आरोपीला तसाच चालला असता, तर त्यात आधार दिलेला नाही.

आणि इथेही बाजी पूर्ण जिंकलेली नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी कर्नाटकातल्या एका गाजलेल्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द करताना म्हटले की लेखी आधार दिला नाही एवढ्यावरून आपोआप सुटका होत नाही, त्यामुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दिसले पाहिजे. नोव्हेंबरच्या निकालाने नियम पुढच्या प्रकरणांसाठी घट्ट केला, पण कागद नंतर देऊन नव्याने कोठडी मागायची वाटही मोकळी ठेवली. त्या अर्जावर आठवड्यात निर्णय व्हावा असे सांगितले. ही तडजोड योग्यच आहे. कारकुनी चुकीपायी खुनाचा आरोपी कायमचा निसटावा, हे कोणत्याही व्यवस्थेला परवडणारे नाही आणि असा परिणाम डोळ्यांसमोर असला की खालची न्यायालये नियमच पातळ करायला लागतात. शिक्षा पेलवेल एवढीच ठेवली तर ती दिली जाते.

परिणामाविना निकालाचे काय होते, याचा धडा ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या, आयटी कायद्याच्या कलम ६६अ ने दिला. हे कलम २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले. त्यानंतरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सगळ्या उच्च न्यायालयांमार्फत जिल्ह्यांपर्यंत पाठवायला सांगितले. २०२१ मध्ये पुन्हा विषय आला तेव्हा खंडपीठावर न्यायमूर्ती नरिमन होते, म्हणजे ज्यांनी मूळ निकाल लिहिला तेच, आणि हे धक्कादायक असल्याचे त्यांनीच म्हटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिसऱ्यांदा आदेश द्यावा लागला. या सगळ्यात कुणाचे काही बिघडले नाही. अनेक छापील प्रतींत आणि संगणक प्रणालींत कलम तसेच होते, खाली तळटीप एवढाच फरक. ठाणे अंमलदार तळटीप वाचत नाही, आणि गुन्हा नोंदवण्याच्या घाईत त्याने ती वाचावी ही अपेक्षाही भाबडी आहे. प्रणालीतून ते कलम निवडताच येणार नाही असे केले असते, तर तीन आदेशांचे काम एका दुपारी झाले असते.

उलट टोकाला निवडणूक रोख्यांचा, म्हणजे राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याच्या योजनेचा, निकाल. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी योजना रद्द केली आणि स्टेट बँकेने ६ मार्चपर्यंत तपशील निवडणूक आयोगाकडे द्यावा, आयोगाने १३ मार्चपर्यंत तो प्रसिद्ध करावा, असे लिहिले. बँकेने मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज केला. खरेदीची आणि वटवल्याची माहिती दोन वेगळ्या कप्प्यांत आहे, ती जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या, असे म्हणणे होते. तोवर लोकसभा निवडणूक उरकली असती. ११ मार्चला न्यायालयाने विचारले, गेल्या सव्वीस दिवसांत काय केले? अर्ज फेटाळून दुसऱ्या दिवशीच्या कामकाजाच्या वेळेपर्यंत माहिती देण्यास सांगितले आणि अवमानाची सूचनाही दिली. १२ तारखेला माहिती पोहोचली. तीत रोख्यांचे अक्षरांकी क्रमांक नव्हते, त्याशिवाय देणारा आणि घेणारा जुळत नव्हते. मग १८ मार्चचा आदेश आला: २१ मार्च, सायंकाळी पाच, आणि काहीही हातचे राखले नाही असे बँकेच्या अध्यक्षांचे प्रतिज्ञापत्र. तेही झाले. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२४ या काळात विकलेल्या २२,२१७ रोख्यांचा हिशेब महिनाभरात बाहेर आला.

यावरून 'न्यायालयाने मनावर घेतले तर होते' असा निष्कर्ष काढला जातो, तो अर्धाच आहे. झाले ते चार गोष्टींमुळे. माहिती एकाच संस्थेकडे होती. मागणी मोजता येण्याजोगी होती. तारीख आठवड्यांत होती, वर्षांत नव्हती. आणि प्रतिज्ञापत्र एका व्यक्तीच्या सहीने मागितले, 'संबंधितांनी' असे गुळमुळीत लिहिले नाही. पोलिस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचा डिसेंबर २०२० चा आदेश याच्याशी ताडून पाहावा. त्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा सगळीकडे कॅमेरे आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायचे असे बारकाईने लिहिले आहे. देखरेखीला राज्य आणि जिल्हा समित्या. मात्र कॅमेरा बंद पडला तर त्या ठाण्यात त्या दिवशी काय थांबते? काहीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला त्याच विषयाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

फौजदारीत निदान आरडाओरड होते. दिवाणी बाजूला निकालाचा जो मृत्यू होतो, तो बिनआवाजी असतो. ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निवाडा, हाती आल्यानंतर सुरू होतात. दीडशे वर्षे उलटून गेली तरी हे वाक्य निकालांत उद्धृत होते, हे त्या वाक्याचे भाग्य आणि आपले दुर्भाग्य. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात तमिळनाडूतला एक जुना जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयासमोर होता. न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना आपापल्या जिल्ह्यांतल्या दरखास्तींची (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जांची) मोजदाद करायला आणि त्या सहा महिन्यांत निकाली काढून घ्यायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये आकडे आले. प्रलंबित दरखास्ती ८,८२,५७८. सहा महिन्यांत निकाली ३,३८,६८५. सर्वांत मोठा ढीग मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत, सुमारे ३ लाख ४१ हजार. न्यायालयाने आणखी सहा महिने दिले.

हे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. यातला प्रत्येक आकडा म्हणजे जिंकलेला माणूस. त्याचा दावा खरा ठरलेला आहे आणि तरी त्याच्या हातात जमीन, पैसे किंवा घराची किल्ली यातले काही नाही.

दरखास्त अडते कुठे? पहिली गाठ दावा लिहितानाच बसते. वाद स्थावराचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ३ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असे वर्णन हवे: गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. 'पूर्वेस अमक्याचे शेत' एवढ्यावर भागवले की वीस वर्षांनी बेलिफ जागेवर जातो तेव्हा ते शेत तिघांनी विकलेले असते आणि तो 'मिळकत ओळखता आली नाही' असा अहवाल देऊन परततो. दुसरी गाठ वारसांची. प्रतिवादी वारल्याची नोंद वेळेत घेतली नाही तर पुढे प्रत्येक नोटिशीवर हरकत येते. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटली असतील किंवा दरखास्त वारसांवर असेल तर आदेश २१, नियम २२ ची नोटीस काढावीच लागते. ती चुकली की केलेली कारवाई परत पहिल्या पायरीवर येते. तिसरी आणि सर्वांत चिवट गाठ म्हणजे तिऱ्हाइताचा अडथळा. ताबा घ्यायला गेले की आतून एखादा पुतण्या, भाडेकरू किंवा दाव्यादरम्यानचा खरेदीदार निघतो. नियम ९७ ते १०१ प्रमाणे त्याचे म्हणणे दरखास्तीतच ऐकायचे, वेगळा दावा चालवायचा नाही. दाव्यादरम्यान हारलेल्या पक्षाकडून खरेदी घेणाऱ्याला तर नियम १०२ मुळे हरकत घेण्याची सोयच नाही. तरीही व्यवहारात असा अर्ज मूळ दाव्यासारखा साक्षीपुराव्यांसह वर्षानुवर्षे चालतो, कारण तो सरसकट फेटाळण्याचे धाडस फार थोडे न्यायाधीश करतात.

पैशाच्या हुकूमनाम्यात अडचण निराळी. ऋणको 'माझ्याकडे काही नाही' म्हणतो. नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचे शपथपत्र मागता येते, आणि न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होते. हे हत्यार फार कमी वापरले जाते. बहुतेक दरखास्तीत आधी जंगम जप्तीचे वॉरंट निघते, बेलिफ जाऊन 'घरास कुलूप' असा शेरा आणतो, मग पुढची तारीख. कालमर्यादा बारा वर्षांची आहे खरी, पण अमुक बांधकाम काढून टाका अशा आज्ञार्थी मनाईसाठी ती तीनच वर्षे आहे. निकाल लागल्याच्या आनंदात हे विसरणारे कमी नाहीत.

२०२१ च्या राहुल शहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर उपाय सांगितले होते. दाव्याच्या सुरुवातीलाच तिऱ्हाइतांचे हक्क शपथेवर विचारून घ्या, गरज असेल तर कोर्ट कमिशनर नेमून मिळकतीचे वर्णन पक्के करा, पैशाच्या दाव्यात तारण घ्या, दरखास्त सहा महिन्यांत संपवा. यातले पहिले तीन उपाय खरे आहेत आणि चौथा निव्वळ इच्छा आहे. सहा महिन्यांची मुदत चुकली तर विलंबाची कारणे लेखी नोंदवायची, बस. ती मुदत न्यायाधीशावर आहे, अडवणाऱ्यावर नाही. हरकतदाराने आधी रक्कम जमा करावी, मग बोलावे, असा भार त्याच्या खांद्यावर टाकला तरच घड्याळ चालेल. आठ लाख दरखास्तींना तारखा देण्यापेक्षा एवढा एक बदल जास्त उपयोगी पडेल.

खर्चाचा भार योग्य खांद्यावर ठेवणे किती साधे असते, ते न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणांत दिसते. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीची शिडी नव्याने लावली. बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी धनादेशाची रक्कम भरली तर जादा काही नाही. त्यानंतर पण निकालाआधी भरली तर पाच टक्के जादा, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात, सर्वोच्च न्यायालयात दहा. जोडीला तक्रारदाराने समन्स स्वतः आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावायचे, आणि समन्सबरोबरच रक्कम भरण्याची ऑनलाइन सोय द्यायची. कुणावर ताशेरे नाहीत, भाषण नाही. आरोपी हिशेब करतो आणि लवकर भरतो. २०१० च्या जुन्या शिडीतले दर दहा, पंधरा, वीस टक्के होते. उशिराला महाग करण्याऐवजी त्यांनी तडजोडच महाग केली होती, असे माझे मत आहे. साडेसात टक्के तरी पुरेसे बोचतात का, ही शंका मात्र उरते. सावकारी व्याजाच्या तुलनेत ते किरकोळच आहेत.

अधिकाऱ्याच्या खिशाला हात घालण्याचा प्रयोगही सध्या चालू आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालात पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस, पाडकामाचे चित्रीकरण, आणि उल्लंघन झाल्यास अधिकाऱ्याने स्वखर्चाने मालमत्ता पूर्ववत करून वर नुकसानभरपाई द्यायची, असे आहे. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलस्रोतालगतच्या बांधकामांना हे संरक्षण नाही, आणि ही पळवाट वापरण्यासाठी बांधकाम 'रस्त्यावर' असल्याचे दाखवले जाते. या निकालातले सगळ्यात चाणाक्ष वाक्य वैयक्तिक जबाबदारीचे नाही. नोटीस बजावताच तिची सूचना ईमेलने जिल्हाधिकारी कार्यालयाला जावी आणि तिथून पोच आपोआप यावी, असे त्यात लिहिले आहे. मागची तारीख टाकून नोटीस तयार करण्याची जुनी कला त्या एका पोचपावतीने बंद होते. ज्याने हे वाक्य लिहिले त्याला कार्यालये कशी चालतात हे ठाऊक होते.

मुंबई उच्च न्यायालयाचा खड्ड्यांबाबतचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश त्याच जातीचा. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांसारख्यांची समिती, माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत बैठक, सहा ते आठ आठवड्यांत रक्कम. उशीर झाला तर संबंधित प्रमुख वैयक्तिक जबाबदार आणि वर नऊ टक्के व्याज. रक्कम नंतर ठेकेदार किंवा दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायची. हा आदेश टिकेल की नाही, ते एका नीरस गोष्टीवर ठरेल. अपघाताच्या पंचनाम्यात खड्डा येतो का? 'वाहनावरील ताबा सुटून' असे लिहिले की समितीपुढे जायला प्रकरणच उरत नाही. जखमीच्या नातेवाइकांनी त्याच दिवशी खड्ड्याचे मोजमापासह छायाचित्र घ्यावे, ठिकाण नोंदवावे आणि पंचनाम्यात खड्ड्याचा उल्लेख मागावा. दोन दिवसांत खड्डा बुजतो. तोच बुजावा म्हणून आधी दोन वर्षे अर्ज केलेले असतात, हे वेगळे.

वैयक्तिक दायित्वाला दुसरी बाजूही आहे. ज्याच्या पगारातून वसुली होणार तो अधिकारी निर्णयच टाळू लागतो, फाइल वर ढकलतो, 'मार्गदर्शन मागवले आहे' असा शेरा मारतो. म्हणून वसुलीची धमकी शेवटचा उपाय असावी. आपोआप होणारा परिणाम तिच्यापेक्षा केव्हाही सरस.

आता एक अडचण, जिच्याबद्दल न्यायालयानेच आरसा पाहायला हवा. अंमल करणाऱ्याला निकाल टिकणार नाही असे वाटले तर तो थांबतो, आणि २०२५ ने त्याला थांबण्याची पुष्कळ कारणे दिली. पर्यावरण मंजुरी नंतर घेण्याची सोय १६ मे रोजी रद्द झाली, १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने तो निकालच मागे घेतला गेला. दिवाळखोरीत गेलेल्या भूषण पॉवर या पोलाद कंपनीची पुनर्रचना २ मे रोजी मोडीत निघाली, ३१ जुलैला तो निकाल परत घेतला, २६ सप्टेंबरला पुनर्रचना कायम झाली. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा आदेश ११ ऑगस्टचा, त्यातला मुख्य भाग २२ ऑगस्टला बदलला. राज्यपालांना विधेयकांवर निर्णयासाठी ८ एप्रिलला मुदती घातल्या गेल्या, आणि २० नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत दिले की अशा मुदती न्यायालयाला घालता येत नाहीत.

यातल्या प्रत्येकात कोण बरोबर, हा स्वतंत्र वाद. भूषणच्या बाबतीत तर चूक दुरुस्त झाली हे बरेच झाले. पण खाली बसलेला अधिकारी गुणदोष पाहत नाही. तो सहा महिने थांबायचे शिकतो. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने देशभराचा व्यवहार एका दिवसात उलटा करण्याआधी बाधित होणाऱ्या सगळ्यांना ऐकले असते, तर यातले निदान दोन निकाल मागे घ्यावे लागले नसते. सखोल ऐकून घेण्याला लागणारा महिना हा अंमलबजावणीचाच भाग आहे.

न्यायालयाने मुदती, समित्या आणि रकमा ठरवायला लागणे म्हणजे सरकार चालवणे नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. राज्यपालांवरच्या मतामागे तोच विचार आहे आणि घटनात्मक पदांच्या बाबतीत तो वजनदारही आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांचे उदाहरण मात्र उलटे बोलते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. घटनेच्या अनुच्छेद २४३यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. म्हणजे तारीख घटनेतच होती, न्यायालयाने शोधून काढलेली नव्हती. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात ती तारीख हरवली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार आठवड्यांत अधिसूचना आणि चार महिन्यांत निवडणुका असे सांगितले. तेही चुकले. मतदान यंत्रे अपुरी, सण, कर्मचारी, अशी कारणे आली. १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ ही मुदत दिली आणि यापुढे वाढ नाही असे बजावले, तेव्हा कुठे महापालिकांचे मतदान १५ जानेवारीला झाले. जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला आणि त्याचा खर्च कुणालाच भरावा लागला नाही. मुदत संपताच प्रशासकाचे नवे आर्थिक निर्णय घेण्याचे अधिकार गोठतील, एवढे एकच वाक्य कुठल्याही टप्प्यावरच्या आदेशात असते, तर यंत्रे लवकर सापडली असती. न्यायालयाने सरकार चालवू नये हे मान्य. पण घटनेने घातलेली तारीख चुकवणे फुकट असू नये, एवढे पाहणे सरकार चालवण्यात मोडत नाही.

तुरुंगातली तीच गोष्ट. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदतीनंतर, इतरांना निम्म्या मुदतीनंतर सुटकेचा हक्क दिला. फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे वगळून. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा, कैद्याने नव्हे, हा त्यातला खरा शहाणपणा. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गुन्ह्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ लागू केला. मात्र पोटकलम २ म्हणते की एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. किरकोळ चोऱ्यांचे तीन गुन्हे नावावर असलेला माणूस त्यामुळे बाहेर पडतो, हक्कातून. आणि अधीक्षकाने अर्ज केलाच नाही तर? संहिता गप्प आहे.

सध्या सगळ्यांत जास्त काही अवलंबून असेल तर ते रिमांडच्या दोन तासांवर. अटकेचा आधार दोन तास आधी दिला, हे सिद्ध कसे करायचे? आरोपीची सही असते, तारीख असते, वेळ बहुधा नसते. स्टेशन डायरीतली नोंद पोलिसांच्याच हातची. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या रिमांड आदेशात 'आधाराची प्रत आरोपीस किती वाजता मिळाली' असा एक रकाना घालावा आणि तो आरोपीला उघड न्यायालयात विचारून भरावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, प्रत्येक उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरते.